चेहऱ्यानं दिलेला जबाब

दि. ३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ. दरवेळचेच आहेत, मिळाले असं समज आणि पुढं वाच.

पट्ट्या निघाल्या. सात महिन्यांत चार ऑपरेशनं झाली. डॉक्टर पाचव्याचं नाव काढत होते, मी म्हटलं आता घरी सोडा, तुम्हाला शिवायला जागा उरली नाही. घरी येऊन आज नऊ दिवस झाले. माझं अक्षर तुला ठाऊक आहे. चौथीत शाळा सुटली ती सुटली, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

चेहरा कसा झालाय म्हणून तू तीन पत्रांत विचारलंस. चांगला झालाय. तिथंच तर घोडं अडलंय. गालांवर मांडीची कातडी आहे. कपाळ गुळगुळीत, एक आठी पडेल तर शपथ. भुवया चिकटवल्यासारख्या जागच्या जागी. वाफेनं आतल्या नसा गेल्या, त्यामुळं तोंडाचे दोन्ही कोपरे खाली लोंबायचे, पाणी पिताना निम्मं बाहेर. मग डॉक्टरांनी मांडीतूनच एक चिवट पट्टी काढली आणि ते कोपरे वर टांगून टाकले. पुढं वयानं सैल पडतं म्हणून थोडं जास्तच वर घेतलं, असं ते फार कौतुकानं सांगत होते. तर आता मी हसते. उठल्यापासून हसते. दाढ दुखली तरी हसते. झोपेतसुद्धा हसते, असं नर्स म्हणाली आणि म्हणताना जरा मागं सरकली.

पहिल्या दिवशी खाली साबण आणायला गेले. दुकानदार माझ्याशी बोललाच नाही. माझ्या मागं दुसरीच बाई उभी होती, तिला विचारत होता की यांना काय हवंय. मी म्हटलं मला कान आहेत. तेव्हा त्यानं वर बघितलं. आधी टाके बघितले, मग हसू बघितलं, आणि एकदम लोण्यासारखा झाला. साबण कागदात बांधून दिला, दारापर्यंत पोचवायला आला. बावीस वर्षं त्या दुकानात जातेय मी, बावीस वर्षं आमची भांडणं. मला ते पोचवणं अजिबात आवडलं नाही.

तुला अपघाताचं कुणी धड सांगितलं नसेल. आमच्या धुलाईत दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात. ओली चादर दोघींनी दोन टोकं धरून तापलेल्या रोलरमध्ये घालायची, पलीकडून इस्त्री होऊन निघते. रोलर वाफेवर तापतो. बॉयलरच्या डोक्यावर एक झडप आहे. वाफ जास्त झाली की ती उचलते आणि जास्तीची वाफ छताकडं सोडते. तेवढा वेळ रोलर गार, काम बंद. मुकादमाला बंद काम बघवत नाही. म्हणून तो झडपेच्या दांड्याला जुनी लोखंडी इस्त्री टांगायचा, की ती उचलूच नये. सगळ्यांना माहीत होतं. मीही तोंड वाजवायचे आणि पुन्हा कामाला लागायचे, ते माझं चुकलंच. त्या दिवशी वाफेला वरून वाट मिळेना, तिनं रोलरजवळचा पाइप फाडला. पाइपासमोर मी होते.

बाकी बरं आहे. तुमच्याकडचं कळव.

माया आहे ती आहेच, लिहून दाखवत नाही.
तुझी ताई


दि. १२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि घर दणाणलं. मी मोठ्यानं वाचत होते, हे खुर्चीत बसून ऐकत होते. म्हणाले, कातडी बदलली पण तोफ शाबूत आहे. ताई, तुला आठवतं, लहानपणी तू नुसत्या भुवया वर केल्यास तरी मी हातातलं खेळणं खाली ठेवायचे? भिंगरीला सांगितलं की मावशी आता चोवीस तास हसते, तर ती म्हणाली, आई, काहीतरीच काय.

आता एक महत्त्वाचं. परवा तुमचे मुकादम आमच्याकडं आले होते. एवढा प्रवास करून. दोन तास बसले, रडले. तुमच्या बहिणीनं मला माफ केलं, पण माझं मन मला खातं, म्हणून मी तुमच्या मुलीला कामावर घेतो, असं म्हणाले. तुझ्याच जागी, रोलरवर. भिंगरी शाळा संपल्यापासून घरात बसून आहे, हे तू जाणतेस. तिला तर पंख फुटलेत. तुझ्याकडं राहील, तुलाही सोबत होईल.

पण मी तुला विचारल्याशिवाय तिला पाठवणार नाही. आजवर या घरात तुझ्या शब्दाबाहेर काही झालेलं नाही. पुढच्या आठवड्यात मी दोन दिवसांसाठी येतेच आहे. समोरासमोर बोलू. तू हो म्हण की नाही म्हण, मी तुझ्या तोंडून ऐकणार आणि तसंच करणार.

तू माफ केलंस हे मला कळवायचं तरी होतंस.

तब्येतीला जप आणि आमच्यावर रागावत राहा, त्याशिवाय करमत नाही.
तुझी धाकटी


दि. १७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

नाही. नाही. नाही. तीनदा लिहिलंय, बोट ठेवून वाच. भिंगरीला पाठवायचं नाही.

मी कुणालाही माफ केलेलं नाही. तो माझ्या दारात आला होता, हे खरं. मी त्याला उभ्याउभ्या सोलला. तुझ्या इस्त्रीनं माझं तोंड खाल्लं, तुला रात्री डोळा कसा लागतो, काय काय बोलले. तो माझ्या चेहऱ्याकडं बघत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हणाला की माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिनं शिव्या दिल्या असत्या. आणि मी तोवर काय देत होते? मी आणखी दिल्या. तो हात जोडून, हलका होऊन गेला.

एकट्या त्याचं असतं तर सोडून दिलं असतं. चौकशीला मोठे साहेब आले होते. मी त्यांना झडप, इस्त्री, सगळं सांगितलं. ते लिहायचे, मधेच माझ्याकडं बघायचे आणि तेही हसायचे. छापील कागदाचं बारीक अक्षर मला भरभर वाचता येत नाही. सांगितलंय तेच लिहिलं असेल या भरवशावर मी सही ठोकली. मागाहून कचेरीतल्या टाइप करणाऱ्या बाईनं तो कागद वाचून दाखवला. सदर महिला कामगाराची कुणाविरुद्ध तक्रार नाही, ती समाधानी दिसते. दिसते! मी तासभर घसा फोडला त्यातला एक शब्द त्यात नाही. माझ्या तोंडानं सांगितलेलं राहिलं बाजूला, चेहऱ्यानं दिलेला जबाब लिहून घेतला. पुन्हा जाऊन दुसरा कागद करा म्हटलं, तर साहेब म्हणाले की अशी सुखी माणसं फार कमी बघायला मिळतात.

आता लोक येतात. माझ्या दारात येऊन बसतात. आधी वरच्या मजल्यावरचा शिंपी आला. त्यानं वीस वर्षांपूर्वी भावाला आलेलं एक पत्र दाबून ठेवलं होतं, त्या पत्रापायी भावाची नोकरी गेली. भावाला अजून पत्ता नाही. हे मला सांगून काय उपयोग, जाऊन त्याला सांग, लाज कशी वाटत नाही, असं मी म्हटलं. तो म्हणाला, फार मोकळं वाटलं. उठून गेला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली, मग तिची मैत्रीण. काल दाराबाहेर सात जोड चपला होत्या. कुणी गडबड करत नाही. एकेक जण आत येतो, समोर बसतो, बोलतो, मग गप्प होऊन ऐकतो. मी बोलत नसते तेव्हाही ऐकतो. मान हलवतो. धाकटे, ते माझ्याशी बोलतच नाहीत. ते या चेहऱ्याशी बोलतात, आणि चेहरा त्यांना काहीतरी उत्तर देतो. काय देतो ते मला ऐकू येत नाही.

आता भिंगरीचं. रोलरवरचं काम तुला कळावं म्हणून लिहिते. तिथं मशीनचा एवढा आवाज असतो की शेजारणीनं कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. आणि दोन्ही हातांत चादरीची टोकं. मग आम्ही बोलतो चेहऱ्यानं. डोळे बारीक केले की हळू. हनुवटी वर केली की सोड. भुवया चढवल्या की थांब, आहेस तिथं थांब. नवी पोरगी आली की आठवडाभर फक्त समोरचीचं तोंड वाचायला शिकते. मी बारा पोरी शिकवल्या, एकीचंही बोट गेलं नाही.

मी कामावर परत गेले त्या दिवशी माझ्यासमोर एक नवी होती. तिची बाही चादरीबरोबर ओढली जायला लागली. मी भुवया चढवल्या. म्हणजे मला वाटलं की चढवल्या. तिनं माझ्याकडं बघितलं, गोड हसली आणि हात आणखी पुढं रेटला. पलीकडच्या बाईनं तिला खेचली म्हणून नखावर निभावलं. त्यानंतर मला घड्या घालायला बसवलं. पण पोरी येताजाता माझ्याकडं बघतात. बघून बरं वाटतं म्हणतात, भीती जाते म्हणतात. भीती जाते, हेच तर वाईट. त्या जागी भीतीच पाहिजे.

आणि नवीन पाइप बसवलाय, नवीन रंग मारलाय, पण इस्त्री तीच, परत तिथंच टांगलेली आहे.

समोरासमोर बोलायला येऊ नकोस. माझं उत्तर हे पत्र आहे.

राग आहे म्हणजे जीव आहे हे तुला माहीत आहे.
तुझी ताई


दि. २८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. तुझ्याकडून निघाल्यापासून मन कसं शांत आहे म्हणून सांगू. येताना घाबरत होते, ताई. काय बघायला मिळेल, मला रडू आवरेल की नाही. आणि तू दार उघडलंस. मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला बघून इतकं खूश झालंय.

तू दोन्ही दिवस भिंगरीला पाठवू नको म्हणत होतीस. इस्त्री दाखवायला मला कारखान्यातही घेऊन गेलीस. मी सगळं ऐकलं. पण ताई, तुझ्याकडं बघताना ते शब्द खरे वाटतच नव्हते. तू आधीपासूनच अशी, माया असली की उलटं बोलणारी. तू नको म्हणत होतीस आणि तुझा सगळा चेहरा हो म्हणत होता. मी तुला शेवटी विचारलं, पाठवू ना? तू काय म्हणालीस ते आता आठवत नाही, पण तू ज्या तऱ्हेनं बघितलंस ते आठवतं.

एक विचित्र गोष्ट सांगते, हसू नकोस. घरी आल्यावर तुझा आधीचा चेहरा आठवायला बसले. आठवेना. माझ्या लग्नातला फोटो काढला, त्यात माझ्या मागं एक कपाळाला आठ्या घातलेली बाई उभी आहे. मी यांना विचारलं, ही कोण? तेही बराच वेळ बघत राहिले. मग तुझं १७ तारखेचं पत्र पुन्हा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला घाम फुटला होता. आता वाचताना तुझा हा चेहरा समोर येतो आणि सगळं कसं थट्टेनं लिहिल्यासारखं वाटतं. तीन वेळा नाही लिहिलंस ते तर फारच गमतीचं.

भिंगरी सोमवारी निघतेय. तिची उशी तिच्याबरोबर देते, दुसऱ्या उशीवर तिला झोप येत नाही.

तुझी सावली तिच्यावर राहू दे.
तुझी धाकटी


दि. ५ मार्च

धाकटे,

आशीर्वाद राहू देत, आधी हे वाच. तुझं पत्र आज आलं, आणि भिंगरी काल संध्याकाळीच उशी घेऊन दारात उभी राहिली. माझ्या गळ्यात पडली. ही पोरगी लहानपणी मला बघून पलंगाखाली लपायची.

मी तिला रात्रीचं जेवण व्हायच्या आत सगळं सांगितलं. परत जा म्हटलं. उद्याच्या गाडीनं जा. ती म्हणाली, मावशी, तू किती गोड झालीस. मग मी कागदावर लिहून दिलं, कारण कागदाला तोंड नसतं. इथं तुझा जीव जाईल, घरी जा, असं मोठ्या अक्षरात. तिनं ते नीट वाचलं. चेहरा उतरला तिचा, मी बघितलं. मला वाटलं, लागलं एकदाचं. मग तिनं कागदावरून मान वर करून माझ्याकडं बघितलं, आणि खुदकन हसली. कागदाची घडी घालून खिशात ठेवली, मावशीची आठवण म्हणून.

आज दुपारी माझी पाळी संपली, ती अजून कामावर होती, तेव्हा मी आरशासमोर रडले. तुझ्या नावानं रडले, खोटं कशाला बोलू. डोळ्यांतून पाणी गालांवर आलं, त्या गालांना ते कळत नाही, म्हणून हनुवटीवरून खाली गळेपर्यंत मलाही कळलं नाही. आरशातली बाई इतकी सुखात होती. मी जितकी रडत होते तितकी तिला मजा येत होती. मी मागं सरकले, तीही सरकली, म्हणून तेवढं बरं वाटलं.

तू म्हणतेस माझा आधीचा चेहरा आठवत नाही. मला तरी कुठं आठवतो? भुवया चढवताना कपाळात काय व्हायचं ते मी शोधत असते. तिथं आता काही नाही.

पत्र मिळाल्याबरोबर तू स्वतः ये आणि पोरीला घेऊन जा. हे पत्र वाचताना मला डोळ्यांसमोर आणू नकोस. आणायचंच असेल तर त्या फोटोतली आण. ती मी आहे.

तुझी ताई


दि. १० मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

भिंगरी जिवंत आहे. हातपाय, डोळे, तोंड सगळं जागेवर आहे. हे वाचून झालं असेल तर खाली बस आणि बाकीचं वाच.

काल चादरींचा ढीग छताला लागला होता. सकाळपासून मुकादम बॉयलरमध्ये कोळसा कोंबत होता. मी घड्यांच्या मेजावर. साडेअकराला माझ्या पायाखालची फरशी थरथरायला लागली. तशीच थरथर, त्या दिवशीची. बॉयलरवरच्या वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडं बघितलं तर तो लाल पट्ट्याच्या पलीकडं टेकलेला. आणि पाइपासमोर, माझ्या जागी, भिंगरी.

मी ओरडले. तिथं ओरडून काय होणार, माझं मलाच ऐकू आलं नाही. मी तिच्या समोर जाऊन उभी राहिले. सगळा जीव कपाळात आणला. थांब, सोड, पळ. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान डोलावली, बरोबर चाललंय ना म्हणून, आणि आणखी भरभर चादर घालायला लागली. बाकीच्या पोरींनीही बघितलं. त्याही निवांत झाल्या. माझ्यामुळं निवांत झाल्या, धाकटे. मी तिथं नसते तर एखादीनं तरी काट्याकडं बघितलं असतं.

मी मुकादमाला दंड धरून काटा दाखवला. तो काट्याकडं बघायच्या ऐवजी माझ्या तोंडाकडं बघून हसला.

मग मी बोलायचं सोडलं. एकट्या भिंगरीला ओढून बाकीच्या वाचल्या नसत्या. कोळसा ओढायचा लोखंडी गज उचलला, बॉयलरच्या शिडीवर चढले आणि त्या इस्त्रीवर घातला. दुसऱ्या घावाला इस्त्री खाली पडली. झडप उचलली. असला आवाज झाला की आमच्या मशीनचा आवाज त्याच्यापुढं काहीच नाही. वाफ सरळ छताला जाऊन भिडली आणि तिथून खाली उतरत सगळीकडं पसरली. मी थांबले नाही. तो दांडा वाकडा होईपर्यंत हाणत राहिले, पुन्हा त्याला काही टांगता येऊ नये म्हणून. रोलर गार झाला, थांबला. माझा हात थांबेना.

वाफ विरली तेव्हा खाली सगळ्या जणी भिंतीला चिकटून उभ्या होत्या. काट्याकडं कुणी बघत नव्हतं. माझ्याकडं बघत होत्या. मी गज घेऊन शिडीवर, आणि तोंडावर तेच. एकीनं डोळे झाकले. मुकादम दारातून पळाला तो चपला टाकून. मी म्हटलं घाबरू नका. तेव्हा त्या किंचाळल्या.

मालकानं बॉयलर बघायला माणूस आणला. त्यानं काटा बघितला, पडलेली इस्त्री उचलून बघितली, आणि मुकादमाला विचारलं की तुम्ही सगळे अजून जिवंत कसे. कारखाना महिनाभर बंद. मुकादमाला काढलं. मलाही काढलं. कारण काय, तर मी हे करताना हसत होते असं अकरा जणींनी सांगितलं. आता म्हणतात की पहिल्या वेळी पाइप फुटला तेव्हाही ही हसतच असणार.

दारापुढं आता एकही चप्पल नाही. शिंपी जिन्यात दिसला तर भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. दुकानदारानं साबण फळीवरून सरकवला आणि हात मागं घेतला. जो चेहरा त्यांना मागच्या आठवड्यात पाहिजे होता तोच हा, एक टाकाही बदललेला नाही.

भिंगरीला आज सकाळच्या गाडीत बसवलं. ती माझ्याशी बोलली नाही. मी फलाटावर होते, ती खिडकीतून दुसरीकडं बघत होती. उशी माझ्याकडं विसरली आहे. पाठवते.

रागाव, घाबर, काय वाटेल ते कर. हे वाचशील तेव्हा पोरगी घरी असेल.
तुझी ताई


दि. १९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. माझ्या हातून केवढं पाप होणार होतं. बॉयलर बघणाऱ्या माणसाचं तू लिहिलंस ते वाचून हे एकदम उठून अंगणात गेले. तू तीनदा नाही लिहिलं होतंस. आता तिन्ही दिसतात.

तरी खोटं लिहीत नाही. तू इतक्यात इकडं येऊ नकोस. भिंगरी आठ दिवस झाले गप्प आहे. कुणी तिच्याकडं बघून हसलं की ती दचकते. परवा मी हसले तर माझ्यापासूनही लांब सरकली. आणि मलाही, ताई, रागावू नकोस, संध्याकाळी भांडी विसळताना वाटतं की मागं तू उभी आहेस आणि तुझं काय चाललंय ते तुझ्याकडं बघून कधीच कळणार नाही. हे मला आयुष्यभर वाटत राहील का?

भिंगरीनं सोबतची चिठ्ठी दिलीय. चिकटवून दिली, मी वाचलेली नाही.

अंतर पडलं तरी तुटू देऊ नकोस.
तुझी धाकटी


ती. मावशीस,
सा. न.

गाडीत मी तुझ्याशी बोलले नाही कारण मला बोलता येत नव्हतं. आई समजते की मी तुला घाबरले. घाबरले होतेच. शिडीवर तुला बघून मीही किंचाळले.

पण मावशी, तू खाली उतरत होतीस तेव्हा मला तुझा चेहरा बघवेना म्हणून मी नजर खाली केली, आणि तुझा गळा दिसला. तिथं जुनीच कातडी आहे. अपघाताच्या दिवशी कामावरच्या झग्याची कॉलर लावलेली होती म्हणून वाचली असणार. तुझ्या हनुवटीखालची शीर दोरीसारखी ताठ झाली होती. गळ्याचा खळगा आत ओढला जात होता, सारखा. गळा सगळा लाल, आणि थरथरत होता. मला तेव्हाच कळलं तू किती घाबरली होतीस. माझ्यासाठी.

मी पाच दिवस तुझ्यासमोर जेवले आणि एकदाही तिथं बघितलं नाही. सगळं तिथं लिहिलेलं असणार.

खिडकीतूनही मी दुसरीकडं बघत नव्हते. तुझ्या गळ्याकडंच बघत होते.

इकडचं निवळलं की मी येणार आहे. मग तू मला काहीही बोल.

भिंगरी


दि. २५ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. सगळे तुलाच, तुझ्या आईला या खेपेला नाहीत.

चिठ्ठी मिळाली. सावकाश वाचली, मग परत वाचली. उशी टपालानं लावून दिली आहे, पोचली की कळव.

कामाचं बघतेय. दोन ठिकाणी विचारून आले, दोन्हीकडच्यांनी आधी टाके बघितले, मग हसू बघितलं. एकजण गोड झाला, एकजण दार लावून बसला. काय कामाचे नाहीत दोघं. एका नदीकाठच्या धुलाईत बाई मालकीण आहे, ती आंधळी आहे, तिच्याकडं उद्या जाते.

आता तुझ्या चिठ्ठीबद्दल. माझा विश्वास बसला नाही. म्हणून काल जेवण झाल्यावर दार लावलं, आरशासमोर उभी राहिले, वरची दोन बटणं काढली आणि तुझ्या आईला मोठ्यानं चार शिव्या घातल्या. मनापासून घातल्या. खरंच गं. शीर उठली. खळगा आत गेला. सगळा गळा पेटला, आणि त्यात मी होते, जशीच्या तशी, बेचाळीस वर्षं वागवलेली.

वर ती बाई हसतच होती. मी तिच्याकडं बघितलं नाही. बराच वेळ तशीच उभी राहिले आणि तुझ्या आईला आणखी घालत राहिले.

येशील तेव्हा सांगून ये.
तुझी मावशी